राउटरवर प्रॉक्सिमिटी सेन्सर: दिवा लागतो पण इनपुट बदलत नाही, स्पिंडल सुरू होताच लिमिट ट्रिप

भोसरी_राउटर

नमस्कार मंडळी. भोसरीत लाकूड आणि एमडीएफच्या कामासाठी ३ अक्षांचा सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) उभा केला आहे. होम (अक्षाची सुरुवातीची जागा शोधणं) आणि लिमिट (टोकाला आदळण्याआधी थांबवणं) यांसाठीच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या, म्हणजे न टेकता धातू ओळखणाऱ्या सेन्सरच्या, वायरिंगवर गाडी अडली आहे. माहिती एकदमच देतो.

टेबल १२०० × ९०० मिमी, झेड १५० मिमी. नेमा ३४ मापाच्या स्टेपर मोटर, ड्राइव्हना ४८ व्होल्ट. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) २.२ किलोवॉट, वॉटर-कूल्ड, व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) ४०० हर्ट्झपर्यंत. मोशन कंट्रोलर यूएसबीचा, पीसीवर मॅक३ हे सीएनसीचं सॉफ्टवेअर. कार्डावर आयएन१ ते आयएन८, २४ व्होल्ट आणि जीएनडी अशी टर्मिनल आहेत. इनपुट ऑप्टो-आयसोलेटेड (विजेचा थेट जोड नाही, सिग्नल आतल्या एलईडीच्या प्रकाशाने जातो) आहेत, एवढंच कार्डाच्या कागदावर लिहिलंय.

सेन्सर सहा आहेत, सगळे एम१२, तीन वायरचे. तिघांवर एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स असं छापलंय, बाकी तिघांच्या शेवटी बीवाय. त्यांचे २४ व्होल्ट ड्राइव्हच्या ४८ व्होल्टमधून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावून घेतलेत. तपकिरी २४ला, निळी जीएनडीला, काळी इनपुटला.

अडचणी अशा:

१) बीएक्सवाले तीन नीट चालतात. बीवायवाल्यांसमोर पाना धरला की सेन्सरचा लाल दिवा लागतो, पण स्क्रीनवर इनपुट हलत नाही.

२) स्पिंडल सुरू केला की कधी एक्स, कधी वाय लिमिट ट्रिप होते. गँट्री (स्पिंडल वाहणारा सरकता पूल) टेबलाच्या मध्यावर असते, सेन्सरजवळ काहीही नसतं.

३) होम केल्यावर जागा ०.२-०.३ मिमी इकडेतिकडे होते. सेन्सरसमोर ब्रॅकेटच्या एम५ बोल्टचं डोकं येतं, त्यावर तो लागतो.

४) इनपुट वाचवायचे म्हणून तीन-चार सेन्सर एकाच इनपुटला जोडले तर चालतील का?

---

पॅनलवाला_पिंपरी

पहिला प्रश्न आधी निस्तरू, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. सेन्सर बिघडलेले नाहीत. तुमच्याकडे दोन जातीचे सेन्सर आहेत आणि कार्ड एकाच जातीचं ऐकतं.

या मालिकेत नावाच्या शेवटची दोन अक्षरं अशी वाचायची: बीएक्स म्हणजे एनपीएन, नॉर्मली ओपन (धातू नसताना ऑफ). एएक्स म्हणजे एनपीएन, नॉर्मली क्लोज्ड (धातू नसताना ऑन). बीवाय म्हणजे पीएनपी, नॉर्मली ओपन. एवाय म्हणजे पीएनपी, नॉर्मली क्लोज्ड. थोडक्यात एक्स आला की एनपीएन, वाय आला की पीएनपी.

एनपीएन सेन्सर ऑन झाला की काळी वायर शून्याकडे खेचतो. पीएनपी ऑन झाला की काळ्या वायरवर २४ व्होल्ट देतो. आता कार्डाच्या आत बघा. तुमच्या कार्डात ऑप्टोच्या एलईडीचं एक टोक रेझिस्टरमधून २४ व्होल्टला बांधलेलं असणार आणि दुसरं टोक आयएन टर्मिनलवर आणलेलं. टर्मिनल शून्याला गेलं तरच एलईडीतून करंट वाहतो. तिथे पीएनपी लावला की काळ्या वायरवरही २४ येतात, एलईडीच्या दोन्ही बाजूंना २४ होतात, करंट शून्य. सेन्सरचा स्वतःचा दिवा मात्र लागतो, कारण तो सेन्सरच्या आतल्या सर्किटवर चालतो. इनपुटपर्यंत काही पोचलं की नाही, हे तो दिवा सांगत नाही.

हे माझ्या शब्दावर मानू नका, तपासा. सगळ्या काळ्या वायरी काढा. वायरीचा तुकडा घेऊन आयएन१ आणि जीएनडी जोडा. स्क्रीनवर इनपुट बदललं तर कार्ड एनपीएनचं. नाही बदललं तर २.२ किलोओहमचा रेझिस्टर मध्ये घालून आयएन१ला २४ व्होल्ट द्या. तेव्हा बदललं तर पीएनपीचं. रेझिस्टरशिवाय थेट २४ लावू नका. टर्मिनलवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा, आत ५ व्होल्टचं सर्किट निघालं तर इनपुट तिथेच जातो.

काही कार्डांवर इनपुटसाठी वेगळं कॉम टर्मिनल असतं. आत दोन्ही दिशांनी चालणारा ऑप्टो असेल तर कॉम २४ला बांधलं की एनपीएन, शून्याला बांधलं की पीएनपी चालतं. पण एका कॉमवरच्या सगळ्या इनपुटची जात एकच राहते. तिथेही मिसळ चालणार नाही.

आणि सगळी सीएनसी कार्डं एनपीएनच मागतात असंही नाही. लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर चालवणारे मेसा कंपनीचं ७आय७६ई कार्ड वापरतात, त्याच्या इनपुटना २४ व्होल्ट बाहेरून द्यावे लागतात, म्हणजे तिथे पीएनपी. चीन-तैवानकडचा माल बहुतेक एनपीएन धरून बनतो, युरोपातला पीएनपी. म्हणून आधी कार्ड तपासायचं, मग सेन्सर घ्यायचे.

सुटा सेन्सर ओळखायचा तर कार्डाची गरज नाही. तपकिरी २४ला, निळी शून्याला. काळी आणि तपकिरी यांच्यामध्ये ४.७ किलोओहम लावा आणि काळी-निळीमध्ये मीटर धरा. एनपीएन ओपन असेल तर धातू नसताना २४च्या जवळ, लोखंड समोर आणलं की दीड व्होल्टच्या खाली. पीएनपीसाठी तोच रेझिस्टर काळी-निळीमध्ये: धातू नसताना शून्य, धातू आणल्यावर साधारण २३. रेझिस्टर न लावता मोजलं तर हवेत लटकलेल्या वायरीचे वाटेल ते आकडे दिसतात आणि माणूस फसतो.

---

मेन्टेनन्स_चाकण

वरचं सगळं बरोबर. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. तुमचे सहाही सेन्सर नॉर्मली ओपन आहेत. होमला ठीक, लिमिटला नको.

ओपन सेन्सरची वायर ड्रॅग चेनमध्ये (हलत्या केबल धरणाऱ्या साखळीत) तुटली तर कार्डाला काय दिसतं? धातू नाही, सगळं ठीक. मशीन तसंच चालत राहतं आणि ज्या दिवशी लिमिटची खरी गरज पडते त्या दिवशी गँट्री टोकाला जाऊन आदळते. क्लोज्ड सेन्सर, म्हणजे एएक्स, धातू नसताना काळी वायर शून्याला धरून ठेवतो. काळी तुटो, तपकिरी तुटो, निळी तुटो, २४ व्होल्टचा फ्यूज जावो, इनपुट सुटतं आणि मशीन थांबतं. शॉर्ट मात्र यात पकडला जात नाही: सेन्सरच्या आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन बसला किंवा केबलमध्ये काळी-निळी एकमेकींना चिकटल्या तर. म्हणून रोज काम सुरू करताना एकदा पाना दाखवून लिमिट लागते का बघावं. तीन अक्ष, अर्ध्या मिनिटाचं काम.

आता चौथा प्रश्न. ओपन एनपीएन सेन्सर एका इनपुटला समांतर जोडता येतात, कुठलाही एक लागला तरी वायर शून्याला जाते. क्लोज्ड एनपीएन समांतर चालत नाहीत: एक सुटला तरी बाकीचे वायर शून्याला धरून ठेवतात, ट्रिप दिसणारच नाही. हे लक्षात न घेता जोडणी केली तर मशीनला लिमिट आहेत असं वाटतं आणि प्रत्यक्षात एकही नसते. मायक्रोस्विच असते तर क्लोज्ड कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये घातले असते. तीन वायरचे सेन्सर सिरीजमध्ये घालणं कागदावर जमतं, पण प्रत्येकावर व्होल्टेज पडतं आणि एकाच्या मागून दुसरा चालू व्हायला वेळ लागतो. त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्याकडे आठ इनपुट आहेत. मी अशी वाटणी करेन:

आयएन१ ते ३: एक्स, वाय, झेडचे होम. तुमचे बीएक्सवाले तीन इथे लावा.
आयएन४ ते ६: तीन अक्षांच्या लिमिट. प्रत्येक अक्षाला एकच एएक्स, पण लोखंडी पट्ट्या दोन, दोन्ही टोकांना एकेक.
आयएन७: इमर्जन्सीचा सहायक कॉन्टॅक्ट.
आयएन८: टूल प्रोब (टूलची उंची मोजायला).

एक सेन्सर आणि दोन पट्ट्यांसाठी सेन्सर सरकत्या भागावर बसवायचा आणि पट्ट्या फ्रेमच्या टोकांना. मॅक३मध्ये पोर्ट्स अँड पिन्सच्या इनपुट सिग्नलमध्ये एक्स++ आणि एक्स-- दोघांना एकच पिन द्यायची. एएक्ससाठी ॲक्टिव्ह लो उलटं होईल; धातू नसताना डायग्नोस्टिक्स पानावरचा दिवा विझलेला हवा.

यात एक तोटा आहे, तो माहीत असू द्या. ट्रिप झाल्यावर कंट्रोलरला कुठलं टोक ते कळत नाही. लिमिट ओव्हरराइड करून (तात्पुरती दुर्लक्षून) जॉग करताना, म्हणजे अक्ष हाताने हलवताना, ऑपरेटरने डोळ्यांनी बघूनच दिशा निवडायची. घाईत उलटी दिशा दाबली तर मशीन थांबवायला काहीच उरत नाही. त्यासाठी पट्टीच्या पलीकडे रबरी स्टॉपर हवाच.

होम नेहमी लिमिटच्या आत, निदान १० मिमी अलीकडे ठेवा. होमची वायर तुटली तर गाडा होम ओलांडून लिमिटवर जातो आणि थांबतो. दोघांचे प्रकार वेगळे ठेवण्याचा हाच फायदा.

---

व्हीएफडी_सर्व्हिस

दुसरा प्रश्न, स्पिंडल सुरू होताच ट्रिप. हा आवाज (कानाला येणारा नव्हे, विजेचा नॉइज) वायरीतून येतोय की कार्डातच घुसतोय, हे आधी वेगळं करा. नाहीतर फेराइट, कपॅसिटर, शिल्ड असं सगळं लावत बसाल आणि नेमकं काय लागू पडलं ते कळणार नाही.

चाचणी सोपी आहे. तुमचे सेन्सर सध्या ओपन आहेत, म्हणून एक्स आणि वायच्या काळ्या वायरी कार्डाच्या टर्मिनलवरून काढून टर्मिनल मोकळी ठेवा. स्पिंडल ४०० हर्ट्झवर चालवा, दहा-बारा वेळा चालू-बंद करा. ट्रिप थांबल्या तर आवाज सेन्सरच्या केबलमधून येतोय. तरीही ट्रिप येत असतील तर तो सप्लाय, अर्थिंग किंवा यूएसबीतून येतोय. पुढे एएक्स लावाल तेव्हा हीच चाचणी आयएन आणि जीएनडीमध्ये छोटा जंपर टाकून करायची.

केबलमधून येत असेल तर पहिलं बघायचं ते व्हीएफडी ते स्पिंडलची केबल. ती चार कोअरची, शिल्डेड हवी. शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ झालेली, पॅनलमध्ये क्लॅम्पखाली, नुसती पिळून स्क्रूला बांधलेली नाही. चौथी कोअर अर्थची. आणि इथे नेमकी मेख आहे: बऱ्याच वॉटर-कूल्ड स्पिंडलच्या गोल कनेक्टरमधला ४ नंबरचा पिन आत बॉडीला जोडलेलाच नसतो. मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक ४ नंबर पिनला, दुसरं स्पिंडलच्या बॉडीला. बीप आला नाही तर कॅप उघडून आतून जोडणी करून घ्या, किंवा बॉडीला क्लॅम्प लावून वेगळी हिरवी-पिवळी वायर पॅनलच्या अर्थ बारपर्यंत आणा. हा फक्त आवाजाचा मुद्दा नाही. बॉडी अर्थ नसेल आणि आत पाणी झिरपलं तर स्पिंडलला हात लावणारा माणूस धोक्यात आहे. बाकी काही करा न करा, हे आजच करा.

दुसरं, सेन्सरची केबल. स्पिंडलच्या केबलपासून निदान १५०-२०० मिमी लांब. ड्रॅग चेन एकच असेल तर मध्ये पार्टिशन घाला. केबल एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात. सेन्सरच्या केबलची शिल्ड फक्त पॅनलकडे अर्थ करायची, सेन्सरकडचं टोक कापून टेप मारायचं. व्हीएफडीच्या केबलला दोन्ही टोकं आणि सेन्सरच्या केबलला एकच टोक, हे उलटसुलट होऊ देऊ नका.

तिसरं, ते बक कन्व्हर्टर काढा. स्टेपर ब्रेक होताना ऊर्जा ड्राइव्हच्या सप्लायमध्ये परत ढकलतो, ४८ची रेषा वर उसळते. तुमच्या सेन्सरची मर्यादा ३६ व्होल्टची आहे. बक निकामी होऊन आरपार शॉर्ट झाला तर सहाही सेन्सर आणि कार्डाचे इनपुट एका दमात जातील. शिवाय ड्राइव्हचा शून्य आणि सेन्सरचा शून्य एक झाल्यामुळे मोटरचा सगळा स्विचिंग आवाज इनपुटच्या शून्यावर बसतो. सेन्सरला फार करंट लागत नाही, रिकामा असताना एकेकाला १० मिलिअँपच्या आसपास. २४ व्होल्ट १ अँपचा छोटा एसएमपीएस (वेगळा पॉवर सप्लाय) डीआयएन रेलवर लावा, फक्त सेन्सर आणि कार्डाच्या इनपुट बाजूसाठी. त्याच्या पुढे अर्ध्या अँपचा फ्यूज.

आणि ऑप्टोचा फायदा टिकवायचा असेल तर या २४चा शून्य पीसीच्या ग्राउंडला कुठेही जोडू नका. कार्डावर दोन वेगळे जीएनडी असतील तर ते वेगळेच राहू द्यायचे, दोघांमध्ये जंपर टाकला की आयसोलेशन संपलं.

एवढं करूनही एखादी ट्रिप राहिलीच तर कार्डाच्या टर्मिनलवर, आयएन आणि जीएनडीमध्ये, १०० नॅनोफॅरड ५० व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर. लांब पाय ठेवू नका. मोठा इलेक्ट्रोलायटिक लावायचा मोह होतो, तो आवरा: सेन्सर ऑन होताना त्याचा सगळा चार्ज सेन्सरच्या ट्रान्झिस्टरमधून जातो, आणि स्वस्त सेन्सरमध्ये शॉर्ट-सर्किट संरक्षण असेलच असं धरता येत नाही.

सॉफ्टवेअरमधला डिबाउन्स (सिग्नल ठरावीक वेळ टिकला तरच मानणं) सगळ्यात शेवटी. तो वाढवला की ट्रिप थांबतात खऱ्या, पण लिमिट उशिरा लागते. ३००० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५० मिमी. २० मिलिसेकंद डिबाउन्स म्हणजे १ मिमी उशीर, १०० मिलिसेकंद म्हणजे ५ मिमी.

---

टूलरूम_धायरी

तिसरा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. ०.३ मिमीचा दोष मुख्यतः त्या बोल्टच्या डोक्याचा आहे.

इंडक्टिव्ह सेन्सरवर लिहिलेलं अंतर एका ठरावीक तुकड्यासाठी असतं: साध्या लोखंडाचा चौकोन, १ मिमी जाड, बाजू सेन्सरच्या व्यासाएवढी किंवा अंतराच्या तिप्पट, जे मोठं असेल ते. तुमच्या एम१२, ४ मिमीच्या सेन्सरला दोन्ही हिशेबांनी १२ × १२ मिमी येतं. एम५ बोल्टचं डोकं साडेआठ मिमीच्या आसपास, गोल, मध्ये ॲलनचा खड्डा. त्याने अंतर कमी होतं आणि डोकं जरा बाजूला सरकलं तरी लागण्याची जागा बदलते.

धातूही महत्त्वाचा. लोखंडाला ४ मिमी धरलं तर स्टेनलेसला साधारण ०.७-०.८ पट, पितळेला निम्म्याच्या आसपास, ॲल्युमिनियमला ०.४ पट, तांब्याला त्याहून कमी. ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलवरच सेन्सर रोखला तर दीड मिमीच्या आत न्यावा लागतो, आणि गँट्री थोडी हलली तरी तो लागतो-सुटतो.

२५ × ५ मिमीची एमएस (माइल्ड स्टील) फ्लॅट घ्या. सेन्सर पट्टीवर समोरून आपटायला नको, पट्टी सेन्सरच्या तोंडासमोरून आडवी सरकू द्या. मधली फट २ मिमी. भरवशाचं अंतर नावावरच्या अंतराच्या ०.८१ पट धरतात, इथे ३.२ मिमी, म्हणजे २ मिमीला पुरेशी सवड राहते. आडव्या सरकण्याचा फायदा असा की मशीन पुढे गेलं तरी सेन्सरचं तोंड फुटत नाही.

पट्टीची लांबी हिशेबाने ठरवा. रॅपिड ६००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला १०० मिमी. वेग कमी करण्याचा दर २५० मिमी प्रति सेकंद वर्ग ठेवला असेल तर थांबायला लागणारं अंतर १०० × १०० भागिले २ × २५०, म्हणजे २० मिमी. लिमिटची पट्टी २० मिमीपेक्षा छोटी असेल तर गाडा ती ओलांडून जाईल आणि थांबल्यावर सेन्सर सुटलेला दिसेल. ४० मिमीची ठेवा, स्टॉपर तिच्या शेवटाशी.

तुमचे सेन्सर ४ मिमीवाले, म्हणजे अनशिल्डेड. बाजूच्या धातूचाही त्यांना पत्ता लागतो. तोंड ब्रॅकेटच्या बाहेर निदान ८ मिमी निघालेलं हवं. ब्रॅकेटच्या पातळीत बसवला तर तो कायमचा लागलेला राहतो किंवा लागायच्या उंबरठ्यावर. होमसाठी खरं तर २ मिमीवाला शिल्डेड जास्त चांगला. या सेन्सरच्या आयईसी ६०९४७-५-२ या मानकात पुन्हा त्याच जागी लागण्याची हमी अंतराच्या १० टक्क्यांपर्यंतच आहे. ४ मिमीला ०.४, २ मिमीला ०.२. एका तापमानात, घट्ट ब्रॅकेटवर प्रत्यक्षात यापेक्षा पुष्कळ चांगलं मिळतं, पण मुळात अंतर छोटं असलेला सेन्सर घेतला की तेवढं आपल्या पदरात पडतं.

ब्रॅकेट पत्र्याचा नको. ५ मिमीचा अँगल, दोन बोल्ट. सेन्सरचे दोन्ही चेक नट दोन पान्यांनी विरुद्ध आवळा. एका पान्याने आवळलं की सेन्सर स्वतःच फिरतो, केबल आत पिळली जाते आणि फटही बदलते.

होमिंग दोन टप्प्यांत: आधी वेगाने जाऊन लागू द्या, ५ मिमी मागे या, मग ५०-१०० मिमी प्रति मिनिटाने पुन्हा. इनपुट वाचायला कंट्रोलरला ५ मिलिसेकंद इकडेतिकडे लागले तरी ६० मिमी प्रति मिनिटाला फरक ०.००५ मिमीचाच पडतो. हजार मिमी प्रति मिनिटाला तोच ०.०८ होतो.

हे सगळं झाल्यावर मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावा, दहा वेळा होम करा, आकडे लिहा. ०.०३च्या आत राहिलं तर लाकडाच्या राउटरला त्याहून जास्त खटपट नको. आकडे दर वेळी एकाच दिशेने सरकत असतील तर तो सेन्सर नव्हे: कपलिंग सैल किंवा स्टेपरचे स्टेप चुकताहेत.

---

भोसरी_राउटर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजून बघितलं.

आयएन१ला जीएनडीची वायर लावली की इनपुट बदलतं, म्हणजे कार्ड एनपीएनचं. काळ्या वायरी काढून स्पिंडल चालवला, एकही ट्रिप नाही. स्पिंडलच्या ४ नंबर पिनवर बीप येत नाही. बॉडीला वेगळी अर्थ वायर ओढली आहे, वेगळा एसएमपीएसही बसवतोय.

एएक्स मिळेपर्यंत बीवायवाले तीन कामचलाऊ वापरता येतील का? बुधवार पेठेत जाणं होणारच आहे, तेव्हा काय काय आणू?

---

पॅनलवाला_पिंपरी

येतील, मध्ये ऑप्टो घालून. पसोड्या विठोबाच्या परिसरात नाहीतर तापकीर गल्लीत सगळं एका फेरीत मिळेल: पीसी८१७ ऑप्टो सहा नग (तीन लागतील, तीन हाताशी), शक्यतो सी ग्रेड; २.२ किलोओहम अर्धा वॉट सहा नग, झिरो पीसीबीचा तुकडा, चार पायांचे आयसी सॉकेट, १०० नॅनोफॅरडचे दहा सिरॅमिक, ०.५ चौरस मिमीच्या वायरीसाठी फेरुल.

जोडणी: सेन्सरची काळी वायर → २.२ किलोओहम → पीसी८१७चा १ नंबर पाय. २ नंबर शून्याला. ४ नंबर कार्डाच्या आयएनला. ३ नंबर शून्याला. सेन्सर लागला की २४ व्होल्टमधून एलईडीचा सव्वा व्होल्ट आणि सेन्सरवरचा एखादा व्होल्ट वजा होऊन सुमारे १० मिलिअँप वाहतात. रेझिस्टरवर ०.२ वॉटच्या थोडं वर पडतं, म्हणून अर्धा वॉट सांगितला. पाव वॉटचा चालेल पण तापत राहील. सी ग्रेड मागतोय कारण साध्या पीसी८१७मध्ये आउटपुट करंट इनपुटच्या निम्मा एवढीच खात्री असते, म्हणजे ५ मिलिअँप, आणि कार्डाच्या इनपुटला साधारण तेवढाच लागतो. काठावर चालवण्यात अर्थ नाही.

पीसीबी पॅनलमध्येच ठेवा, मशीनवर नको. आणि हे केल्यावरही तो सेन्सर नॉर्मली ओपनच राहतो, लिमिटची वर सांगितलेली अडचण तशीच. म्हणून हे तीन होमला लावा आणि एएक्स येईपर्यंत मोकळ्या झालेल्या बीएक्सवर लिमिट चालवा, रोज सकाळी पाना दाखवून.

---

ग्रबल_शिकतोय

मध्येच विचारतो. माझ्याकडे आर्डुइनो ऊनो बोर्ड आणि त्यावर ग्रबल १.१ हे सीएनसीचं सॉफ्टवेअर आहे. बीएक्स सेन्सर २४ व्होल्टवर चालवून काळी वायर थेट डी९ला लावली तर?

---

टूलरूम_धायरी

लावू नका. या मालिकेतल्या सेन्सरमध्ये काळी आणि तपकिरी यांच्यामध्ये आत साधारण १० किलोओहमचा पुलअप (वायर वरच्या व्होल्टेजकडे खेचणारा रेझिस्टर) असतो. सेन्सर सुटलेला असताना तुमच्या ५ व्होल्टच्या पिनवर त्यातून २४ ढकलले जातात. करंट दोन मिलिअँपच्या आतला असल्यामुळे पिन लगेच मरत नाही, चालल्यासारखी वाटते, आणि मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या संरक्षक डायोडवर तो भार कायम राहतो.

वरचाच पीसी८१७ वापरा, फक्त एनपीएनसाठी इनपुट बाजू उलटी: २४ व्होल्ट → ४.७ किलोओहम → १ नंबर, २ नंबर सेन्सरच्या काळीला. ३ नंबर ऊनोच्या जीएनडीला, ४ नंबर डी९ला, आणि डी९वरून ४.७ किलोओहम ५ व्होल्टला. आतल्या पुलअपवर भरवसा नको, तो २० ते ५० किलोओहमचा असतो आणि स्पिंडलच्या आवाजासमोर टिकत नाही. एक्स डी९, वाय डी१०, झेड डी१२. झेडला डी११ दाखवणाऱ्या जुन्या आकृत्या अजून फिरतात, १.१मध्ये डी११ स्पिंडलच्या पीडब्ल्यूएमला गेलाय.

सेटिंग: $२१=१ हार्ड लिमिट, $२२=१ होमिंग, $५ने लिमिट उलटवता येते. प्रश्नचिन्ह पाठवलं की उत्तरात पीएनच्या पुढे लागलेल्या अक्षाचं अक्षर दिसतं. मोटर बंद ठेवून, पाना धरून तिन्ही अक्षं तिथे बघा, मगच होमिंग करा.

$२६चा डिबाउन्स फक्त होमिंगला लागू होतो. हार्ड लिमिट थेट इंटरप्टवर चालते, तिला काही मायक्रोसेकंदांचा आवाजही पुरतो. म्हणून पिनवर १०० नॅनोफॅरड लागतोच. होमिंगनंतर अलार्म ८ आला तर मागे येण्याचं अंतर कमी पडतंय: $२७ मूळचं १ मिमी असतं आणि ४ मिमीचा सेन्सर सुटायला त्याहून जास्त मागतो. ३ किंवा ४ करा. अलार्म ९ म्हणजे सेन्सर सापडलाच नाही, तेव्हा आधी $२३मधली दिशा बघा.

---

मेन्टेनन्स_चाकण

इमर्जन्सीबद्दल एक राहिलं, कारण वर मी आयएन७ला सहायक कॉन्टॅक्ट लिहिला आणि कोणी तेवढंच करून थांबायला नको.

लाल बटणाचा मुख्य क्लोज्ड कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या (मोठ्या रिलेच्या) कॉइलमध्ये हवा आणि त्या कॉन्टॅक्टरने स्टेपर ड्राइव्हच्या ४८ व्होल्ट सप्लायचा एसी इनपुट तोडायला हवा. व्हीएफडीला त्याच बटणाच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टवरून थांबण्याचा सिग्नल. आयएन७ फक्त मॅक३ला कळावं म्हणून. पीसी हँग झाला, यूएसबी सुटली, कार्ड गेलं, तरी बटण दाबल्यावर अक्ष थांबले पाहिजेत. सेन्सरचा २४ व्होल्ट एसएमपीएस मात्र कॉन्टॅक्टरच्या अलीकडून घ्या. नाहीतर इमर्जन्सी दाबली की सेन्सरही मरतात, सगळ्या एएक्स लिमिट एकदम ट्रिप दाखवतात आणि खरं कारण शोधण्यात वेळ जातो.

झेडला ब्रेक नसेल तर वीज गेल्यावर स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली येतो का, हे खाली लाकडाचा ठोकळा ठेवून एकदा तपासून घ्या. बॉल स्क्रूवर येऊ शकतो. मग गॅस स्प्रिंग किंवा ब्रेकची मोटर.